थंडीत अडणारी जुनी डिझेल जीप : ‘हीटर प्लग’ कधी आणि कसा बदलावा?

महाराजपूर (जबलपूर) : डिसेंबर-जानेवारीत नर्मदेच्या खोऱ्यात पहाटेचा पारा उतरू लागला की जुन्या डिझेल जीपच्या मालकांची एक ठरलेली तक्रार सुरू होते. आदल्या संध्याकाळी सुरळीत चाललेले इंजिन सकाळी नुसतेच फिरते. सेल्फ मारला की एक्झॉस्टमधून पांढरा धूर येतो, पण इंजिन सुरू होत नाही. चार-पाच प्रयत्नांत बॅटरी उतरते आणि शेवटी गाडी ढकलण्यासाठी माणसे गोळा करावी लागतात. उन्हे वर आली की तीच गाडी पहिल्या प्रयत्नात चालू होते आणि दुरुस्तीचा विषय दुसऱ्या दिवसावर जातो.

या तक्रारीचे मूळ पुष्कळदा बोटाएवढ्या एका विद्युत भागात असते. निर्माते त्याला ‘ग्लो प्लग’ म्हणतात, तर गॅरेजमध्ये तो ‘हीटर प्लग’ या नावाने ओळखला जातो. हा भाग इंजिनाच्या अन्य सुट्या भागांच्या तुलनेत स्वस्त असून तो बदलण्याचे काम तत्त्वतः सोपे आहे. मात्र वर्षानुवर्षे न हललेला प्लग घाईने काढताना तो इंजिनाच्या हेडमध्येच तुटला, तर संपूर्ण हेड उतरवण्याची वेळ येते. ज्या इंजिनांचे उत्पादन कधीच थांबले आहे, त्यांचे चांगले हेड मिळणे ही सोपी गोष्ट नाही. त्यामुळे छोटी दुरुस्ती आणि गाडी कायमची उभी राहणे यांतील अंतर अनेकदा पान्ह्याच्या एका झटक्याइतकेच असते.

जबलपूर आणि जुन्या जीपचे नाते

शहराच्या उत्तरेला कटनीकडे जाणाऱ्या मार्गालगत वसलेला महाराजपूर परिसर ज्या जबलपूरचा भाग आहे, त्या शहराची ओळख लष्करी वाहनांशी घट्ट जोडलेली आहे. येथील गन कॅरेज फॅक्टरी १९०४ मध्ये सुरू झाली. लष्करी वाहनांच्या निर्मितीसाठी १९६९ मध्ये स्वतंत्र व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली. आयुध निर्माणी मंडळाच्या पुनर्रचनेनंतर, १ ऑक्टोबर २०२१ पासून, ही फॅक्टरी आर्मर्ड व्हेइकल्स निगम लिमिटेड या सरकारी कंपनीच्या अखत्यारीत आहे.

याच कारखान्यातून ‘जोंगा’ बाहेर पडली. जपानच्या निस्सान कंपनीच्या ‘पेट्रोल’ या वाहनाच्या परवान्यावर ती तयार होत असे. येथे ‘पेट्रोल’ हा शब्द इंधनासाठी नसून त्याचा अर्थ गस्त असा आहे. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या नावातील आद्याक्षरांवरून ‘जोंगा’ हे नाव पडले. लष्कराच्या सेवेतील जोंगामध्ये सहा सिलिंडरचे, सुमारे चार लिटर क्षमतेचे पेट्रोल इंजिन होते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात हिनो बनावटीचे डिझेल इंजिन असलेली नागरी आवृत्तीही थोड्या संख्येने तयार झाली. १९९९ च्या सुमारास जोंगाचे उत्पादन थांबले.

लष्कराने लिलावात काढलेल्या जोंगा पुढे खासगी मालकांकडे गेल्या. मोठ्या पेट्रोल इंजिनाचा इंधनखर्च परवडत नसल्याने अनेकांनी त्यांत डिझेल इंजिने बसवून घेतली. परिणामी बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन जोंगांच्या बॉनेटखाली दोन वेगळ्या कंपन्यांची इंजिने सापडू शकतात. हीटर प्लगच्या दृष्टीने ही बाब कळीची ठरते, कारण प्लग गाडीच्या नावावरून नव्हे, तर इंजिनाच्या नमुन्यावरून निवडावा लागतो.

डिझेल इंजिनाला उष्णतेची गरज का?

पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचे मिश्रण स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन फक्त हवा दाबतो. मूळ आकारमानाच्या पंधराव्या ते बाविसाव्या भागापर्यंत दाबली गेलेली हवा इतकी तापते, की तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९० च्या दशकात जर्मनीत सिद्ध केलेले हे तत्त्व आजही तसेच आहे.

अडचण पहिल्या काही फेऱ्यांत येते. रात्रभर थंड झालेले लोखंडी हेड आणि सिलिंडरच्या भिंती दाबलेल्या हवेतील उष्णता शोषून घेतात. थंडीत इंजिन ऑइल घट्ट होते, बॅटरीची ताकद घटते आणि इंजिन मंद गतीने फिरते. मंद गतीमुळे हवेला रिंगांच्या बाजूने निसटण्यास आणि उष्णता गमावण्यास अधिक वेळ मिळतो. जुन्या इंजिनाच्या रिंगा झिजलेल्या असल्या, तर ही गळती आणखी वाढते. डिझेलचे फवारे आत जातात, पण पेटण्याइतके तापमान तयार होत नाही. न जळलेले डिझेल वाफेच्या आणि सूक्ष्म थेंबांच्या रूपाने बाहेर पडते. तोच तो पांढरा धूर.

ही उणीव भरून काढण्यासाठी ज्वलनकक्षात विजेवर तापणारी एक कांडी बसवलेली असते. तिचे टोक काही सेकंदांत लालबुंद होऊन सुमारे ८५० अंश सेल्सिअसपर्यंत किंवा त्याहून अधिक तापते. डिझेलच्या फवाऱ्याचा काही भाग या टोकाजवळून जाताना पेटतो आणि पहिला स्फोट होतो. इंजिन तापल्यानंतर त्याला या मदतीची गरज राहत नाही. म्हणूनच प्लग निकामी झालेली गाडी दुपारी निमूट सुरू होते आणि मालकाचा गैरसमज होतो.

सर्वच डिझेल इंजिनांत प्लग असतो का?

नाही. जुन्या डिझेल इंजिनांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात डिझेल थेट पिस्टनच्या माथ्यावर फवारले जाते. अशा अनेक जुन्या इंजिनांत हीटर प्लग नसतोच. काहींमध्ये आत येणारी हवा तापवणारा हीटर असतो. दुसऱ्या प्रकारात हेडमध्ये एक लहान कप्पा असतो. डिझेल आधी या कप्प्यात फवारले जाते, तेथे ज्वलन सुरू होते आणि ज्वाळा अरुंद वाटेने मुख्य सिलिंडरमध्ये शिरतात. या रचनेमुळे इंजिनाचा आवाज सौम्य होतो. मात्र कप्प्याच्या भिंतींचे क्षेत्रफळ अधिक असल्याने थंडीत उष्णता फार वेगाने शोषली जाते. त्यामुळे अशा इंजिनांना हीटर प्लग जवळजवळ अनिवार्य असतो.

महाराष्ट्रात आणि मध्य प्रदेशात फिरणाऱ्या जुन्या जीपपैकी मोठा भाग याच दुसऱ्या प्रकारातील आहे. महिंद्र अँड महिंद्र कंपनीने १९७० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी तांत्रिक करार केला आणि नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथील कारखान्यात प्यूजोच्या ‘एक्सडीपी ४.९०’ या इंजिनाची निर्मिती होऊ लागली. २११२ घनसेंटिमीटरचे हे इंजिन ‘एमएम ५४०’ जीपमध्ये बसवले जात असे. त्याच कुळातील सुमारे अडीच लिटरचे इंजिन सुरुवातीच्या बोलेरोमध्ये होते. पुण्याच्या बजाज टेम्पो, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्स, कंपनीच्या ट्रॅक्ससारख्या गाड्यांत मर्सिडीजच्या ‘ओएम ६१६’ या इंजिनाची परवान्यावर बनवलेली आवृत्ती होती. तिच्यातही ज्वलनपूर्व कप्पा आणि चार सिलिंडरसाठी चार हीटर प्लग अशीच रचना आहे.

दोष खरोखर प्लगचाच आहे का?

गाडी सकाळी सुरू होत नाही, एवढ्यावरून प्लग बदलणे योग्य नाही. पहिली परीक्षा धुराची. सेल्फ मारताना पांढरा धूर येत असेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचत आहे, पण पेटत नाही, असे समजावे. अशा वेळी हीटर प्लग, कॉम्प्रेशन किंवा फवारणीची वेळ यांपैकी कशात तरी दोष असतो. धूर मुळीच येत नसेल, तर डिझेलच पोहोचत नाही. इंधनवाहिनीत हवा शिरणे, फिल्टर तुंबणे किंवा पंपाचा बंद करणारा विद्युत झडप-भाग न उघडणे ही त्याची संभाव्य कारणे आहेत. या स्थितीत नवे प्लग बसवून काहीही साध्य होत नाही.

दुसरी परीक्षा बॅटरीची. इंजिन कुंथत फिरत असेल, तर आधी बॅटरी, तिची टोके आणि इंजिन ते चासी यांना जोडणारी अर्थची पट्टी तपासावी. हीटर प्लगचे शरीर हेडमार्गेच अर्थला जोडलेले असते. गंजलेल्या अर्थ पट्टीमुळे उत्तम प्लगही पुरेसा तापत नाही.

तिसरी बाब इंधनाची. भारतीय मानक ‘आयएस १४६०’ नुसार डिझेलच्या थंडीतील प्रवाहितेसाठी हिवाळ्यात ६ अंश आणि उन्हाळ्यात १८ अंश सेल्सिअस अशी वेगवेगळी कमाल मर्यादा आहे. जी गाडी क्वचितच बाहेर निघते, तिच्या टाकीत उन्हाळ्यात भरलेले डिझेल जानेवारीपर्यंत शिल्लक असू शकते. अशा डिझेलमधील मेणासारखा घटक थंडीत साकळून फिल्टर तुंबवू शकतो. हिवाळ्यापूर्वी टाकीत नवे डिझेल भरणे हा यावरील साधा उपाय आहे.

प्लग न काढता तपासणी

प्लग जागेवर असतानाच बहुतांश निदान करता येते. त्यासाठी मल्टिमीटर आणि १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प पुरेसा आहे. चावी ‘हीट’ स्थितीत ठेवून प्लगच्या डोक्यांना जोडणाऱ्या पट्टीवर व्होल्टेज मोजावे. तेथे बॅटरीच्या जवळपास व्होल्टेज आले पाहिजे. काहीच येत नसेल, तर दोष प्लगचा नसून रिले, फ्यूज किंवा तारेचा आहे. डॅशबोर्डवरील पिवळा दिवा लागतो म्हणून प्लगपर्यंत वीज पोहोचते, असे गृहीत धरू नये. अनेक गाड्यांत तो दिवा केवळ वेळ मोजणाऱ्या यंत्रणेशी जोडलेला असतो.

पट्टीवर वीज येत असेल, तर चावी बंद करून जोडपट्टी सोडावी आणि प्रत्येक प्लग स्वतंत्र करावा. पट्टी जागेवर ठेवून केलेली मोजणी फसवी असते, कारण चारही प्लग समांतर जोडलेले असल्याने एक चांगला प्लग तीन मेलेल्यांना झाकून टाकतो. टेस्ट लॅम्पचे एक टोक बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरे प्लगच्या डोक्याला लावावे. दिवा लागला, तर आतील तार अखंड आहे. दिवा न लागल्यास प्लग निकामी आहे. मल्टिमीटरवर १२ व्होल्टच्या चांगल्या प्लगचा रोध साधारणपणे अर्धा ते दीड ओहम भरतो. अनंत रोध म्हणजे तार तुटलेली. चारपैकी एकाचा आकडा इतरांपेक्षा बराच वेगळा असल्यास तोही संशयित मानावा.

क्लॅम्प मीटर उपलब्ध असेल, तर अधिक खात्रीशीर उत्तर मिळते. वीज सोडताच प्रत्येक प्लग सुरुवातीला साधारण १० ते २० अँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह घेतो आणि तापत जाताना तो प्रवाह कमी होतो. चार सिलिंडरच्या इंजिनात एकूण प्रवाह अपेक्षेच्या निम्माच असेल, तर दोन प्लग मेले आहेत, हे पट्टी न सोडताही कळते.

एकच प्लग गेला असेल, तर इंजिन तीन सिलिंडरवर अडखळत सुरू होते आणि काही वेळाने सुरळीत होते. हा इशारा बहुतेक जण दुर्लक्षित करतात. सर्व प्लग एकाच वयाचे असतील, तर एकापाठोपाठ उरलेलेही जातात. त्यामुळे पूर्ण संच एकदम बदलणे शहाणपणाचे ठरते.

काढताना घाई नको

हेडमधील प्लगच्या आट्यांत उष्णतेमुळे गंज आणि कप्प्याच्या बाजूने काजळी साचलेली असते. म्हणून काम आदल्या दिवशीच सुरू करावे. प्लगभोवतीची माती हवेच्या झोताने साफ करावी, कारण प्लग निघताच ती थेट ज्वलनकक्षात पडते. त्यानंतर आट्यांच्या मुळाशी गंज सैल करणारे तेल सोडून ते रात्रभर मुरू द्यावे.

दुसऱ्या दिवशी इंजिन कामाच्या तापमानापर्यंत तापवावे आणि मग बॅटरीची ऋण तार सोडावी. काही इंजिनांत नोझलकडे जाणाऱ्या नळ्या आड येतात. त्या सोडाव्या लागल्यास त्यांची तोंडे स्वच्छ टोपणाने झाकावीत. प्लगसाठी खोल गोटी वापरावी आणि पान्हा प्लगच्या अक्षाशी सरळ धरावा. तिरप्या जोराने प्लग मुरगळून तुटतो.

किती जोर लावावा, याला स्पष्ट मर्यादा आहे. १० मिलिमीटर आट्यांचा प्लग सुमारे ३५ न्यूटन-मीटर, तर १२ मिलिमीटरचा सुमारे ४५ न्यूटन-मीटर जोरावर तुटू शकतो. म्हणजेच लांब दांड्याच्या पान्ह्याने एका हाताने दिलेला जोरही पुरेसा ठरतो. टॉर्क पान्हा या मर्यादेच्या बराच खाली लावून प्रयत्न करावा. प्लग थोडा सैल झाला, की पाव फेरी उलट, मग पुन्हा किंचित सुलट, असे मागेपुढे करत तेल आत झिरपू द्यावे. करकर आवाज येऊन प्लग अडत असेल, तर थांबावे.

प्लग अडकला किंवा तुटला तर

ठरावीक मर्यादेपर्यंत जोर लावूनही प्लग हलत नसेल आणि त्याची आतील तार शाबूत असेल, तर आणखी एक मार्ग आहे. जाड तारेने त्या एकाच प्लगला काही मिनिटे स्वतंत्र वीज द्यावी. प्लगची कांडी तापून भोवतालची काजळी जळते आणि पकड सैल होते. त्यानंतर वीज तोडून लगेच प्रयत्न करावा. तार तुटलेल्या प्लगवर हा उपाय चालत नाही.

प्लगचे डोके तुटून आटे हेडमध्ये राहिले, तर पुढचे काम अनुभवी कार्यशाळेचे आहे. उरलेला भाग मध्यभागी छिद्र पाडून आणि योग्य मार्गदर्शक नळी वापरून काढता येतो, परंतु छिद्र जरा तिरपे गेले तरी हेडचे आटे आणि प्लगची शंकूसारखी बैठक खराब होते. कांडीचा तुकडा कप्प्यात पडला, तर इंजिन कोणत्याही स्थितीत सुरू करू नये. अशा वेळी हेड उतरवणे हाच सुरक्षित मार्ग उरतो. दुर्मिळ इंजिनाच्या बाबतीत हेड उतरवण्याचा खर्च नवे हेड शोधण्याच्या खर्चापेक्षा आणि दगदगीपेक्षा नेहमीच कमी असतो.

निघालेला प्लग काय सांगतो?

जुना प्लग लगेच फेकून देऊ नये. त्याचे टोक इंजिनाच्या आतील स्थिती दाखवते. टोक फुगलेले किंवा वितळलेले असेल, तर प्लगला गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज किंवा अधिक वेळ वीज मिळत आहे. चिकटलेला रिले हे त्याचे नेहमीचे कारण. जुन्या गाड्यांत रिलेऐवजी बसवलेले दाबाचे बटण चालकाने दीर्घकाळ दाबून ठेवल्यासही हेच घडते.

टोकाचा एकाच बाजूचा भाग जळून गेला असेल, तर नोझलमधून फवाऱ्याऐवजी धार पडत असावी किंवा पंपाची वेळ बिघडली असावी. टोकावर ओलसर काळे तेल असल्यास इंजिन ऑइल वर येत आहे. अशा स्थितीत नोझल न तपासता नवे प्लग बसवले, तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत तेही जळतील.

नवा प्लग निवडताना आणि बसवताना

नवा प्लग इंजिनाच्या नमुन्यानुसार आणि निर्मात्याच्या भाग-क्रमांकानुसारच घ्यावा. आटे जुळले म्हणून प्लग जुळला, असे होत नाही. कांडी ठरलेल्यापेक्षा लांब असल्यास ती फवाऱ्याच्या मध्ये येते किंवा कप्प्याच्या भिंतीला टेकते. आखूड असल्यास इंधनापर्यंत उष्णता पोहोचत नाही.

व्होल्टेजची खातरजमा सर्वांत महत्त्वाची. लष्करी वाहनांत २४ व्होल्टची यंत्रणा प्रचलित आहे, तर नागरी जीपमध्ये १२ व्होल्टची. लिलावातील वाहनात नागरी डिझेल इंजिन बसवताना मूळ तारा तशाच ठेवल्या असतील, तर १२ व्होल्टचा प्लग २४ व्होल्टवर काही सेकंदांत जळून जातो. शिवाय फार जुन्या काही इंजिनांत जेमतेम दोन व्होल्टचे प्लग एकापुढे एक, मालिकेत जोडलेले असत. त्यांत एक प्लग गेला की सर्वच बंद पडतात. तेथे नव्या पद्धतीचा १२ व्होल्टचा प्लग एकट्याने बसवून चालत नाही; संपूर्ण जोडणी समांतर पद्धतीने बदलावी लागते.

प्लग बसवण्यापूर्वी भोकातील काजळी त्याच मापाच्या रीमरने हलकेच खरवडावी. रीमरच्या खाचांत ग्रीस भरल्यास काजळी त्याला चिकटून बाहेर येते. त्यानंतर डिझेलचा पुरवठा बंद ठेवून इंजिन सेल्फने क्षणभर फिरवल्यास उरलेला कचरा बाहेर फेकला जातो. या वेळी भोकासमोर कोणीही उभे राहू नये.

आट्यांवर उष्णतारोधक ग्रीसचा अगदी विरळ थर द्यावा. शंकूसारखी बैठक आणि कांडी मात्र कोरडी असावी. प्लग आधी हाताने पूर्ण फिरवत न्यावा. हाताने जात नसेल, तर आटे तपासावेत, पान्ह्याने रेटू नये. घट्ट करण्याचा जोर इंजिनाच्या पुस्तिकेनुसार ठेवावा. पुस्तिका उपलब्ध नसल्यास १० मिलिमीटरच्या प्लगसाठी सुमारे १५ आणि १२ मिलिमीटरच्या प्लगसाठी सुमारे २२ न्यूटन-मीटर हे प्रचलित प्रमाण आहे. वरच्या लहान नटाला त्याहून कितीतरी कमी, म्हणजे अवघा दोन ते तीन न्यूटन-मीटर जोर पुरतो. तो जास्त आवळल्यास आतील विद्युतरोधक तडकून नवा प्लगही निकामी होतो.

जोडपट्टी घासून स्वच्छ करावी, बॅटरी जोडावी आणि प्रत्येक प्लगचा प्रवाह पुन्हा मोजावा. इंजिन सुरू झाल्यावर प्लगच्या मुळाशी साबणाच्या पाण्याचे दोन थेंब टाकावेत. बुडबुडे आल्यास तेथून कॉम्प्रेशन गळत आहे, असे समजावे.

हे उपाय टाळावेत

गाडी सुरू होत नाही म्हणून हवेच्या वाटेत ईथरयुक्त ‘स्टार्टिंग स्प्रे’ मारण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे. हीटर प्लग असलेल्या इंजिनात ती अत्यंत धोकादायक आहे. ईथर डिझेलपेक्षा कमी तापमानाला पेट घेतो. लालबुंद टोकाशी त्याचा संपर्क येताच पिस्टन वर पोहोचण्यापूर्वीच स्फोट होतो. त्यामुळे रिंगा तुटणे, पिस्टन तडकणे किंवा ज्वाळा हवेच्या नळीतून उलट बाहेर येणे असे प्रकार घडू शकतात. पेटते बोळे एअर फिल्टरजवळ धरणे किंवा ऑइल चेंबरखाली शेगडी ठेवणे हेही तितकेच घातक आहे. जुन्या इंजिनाखाली डिझेल आणि ऑइलची गळती असतेच. आग लागण्यास तेवढे पुरेसे आहे.

रोज धक्का मारून गाडी सुरू करण्याची सवयही महागात पडते. उतारावर गिअर टाकून सुरू करताना क्लच आणि गिअरबॉक्सवर ताण येतो. सेल्फ वारंवार लांबवल्यास तो जळतो. प्लगचा खर्च वाचवताना सेल्फ आणि बॅटरी या दोन्हींचा खर्च ओढवतो.

कागदपत्रांकडेही लक्ष हवे

खासगी वाहनाची मूळ नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते आणि त्यानंतर ती तपासणीअंती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. ज्या जोंगामध्ये किंवा जीपमध्ये मूळ इंजिन बदलले आहे, तिच्या मालकाने मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार तो बदल नोंदणी प्रमाणपत्रावर नमूद करून घेणे आवश्यक आहे. अन्यथा तपासणीत इंजिन क्रमांक जुळत नाही आणि विम्याच्या दाव्यातही अडचण येते. प्रदूषण तपासणीतील धुराची मोजणी तापलेल्या इंजिनावर होते. त्यामुळे हे प्रमाणपत्र मिळाले म्हणून हीटर प्लग सुस्थितीत आहेत, असे म्हणता येत नाही. दोन्ही तपासण्या स्वतंत्र आहेत.

हिवाळ्यापूर्वीचे वेळापत्रक

जबलपूर, निफाड, चिखलदरा किंवा सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर ज्यांच्या जुन्या डिझेल जीप आजही शेतावर, जंगलवाटेवर किंवा रात्री-अपरात्री रुग्णाला नेण्यासाठी वापरल्या जातात, त्यांनी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच टेस्ट लॅम्पने चारही प्लग तपासून घ्यावेत. या तपासणीला अर्धा तास पुरतो. दर एक-दोन वर्षांनी प्लग एकदा सैल करून, आटे साफ करून पुन्हा बसवल्यास ते हेडमध्ये धरत नाहीत. काम सुरू करण्यापूर्वी इंजिनाचा नमुना, यंत्रणेचे व्होल्टेज आणि प्लगचा भाग-क्रमांक एका कागदावर लिहून तो गाडीत ठेवावा. उत्पादन थांबलेल्या वाहनाच्या पुढच्या मेकॅनिकला आणि पुढच्या मालकाला याच तीन नोंदींची सर्वाधिक गरज पडते.